प्रार्थनेचा विषय

२ फेब्रुवारी, रविवार
संकल्प: चर्चमधली माझी प्रार्थना आजपासून पाच मिनिटांत आटपायची. पास्टर नागेश वयाने लहान, पण आज बाजूला घेऊन म्हणाले, काका, थोडं शॉर्टमधी. लहानांचंही ऐकावं.

आज जरा लांबली, पण कारण होतं. चर्चमधल्या खुशालच्या मुलीला, तेजस्विनीला, बघायला बोथ गावचे पाहुणे आले होते. उपासनेला पुढच्याच सतरंजीवर बसले. मी कळवळून प्रार्थना केली की प्रभू, या लेकीचं आधी जमलेलं लग्न मोडलं, ती गोष्ट या पाहुण्यांच्या मनात येऊ देऊ नकोस. पाहुण्यांना ती गोष्ट माहीतच नव्हती. हे मला कोणी आधी सांगायला नको?

पाहुणे न जेवता गेले. मटण उरलं. बायको, सुवर्णा, घरापर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालली. डोकं दुखत असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार
आमच्या घरी प्रार्थना. मी वही-पेन घेऊन विचारलं, कोणाचे काही विषय? सगळे म्हणाले, काही नाही, सगळं बरं हाये. खुशाल तर आलाच नाही. गुडीहत्नूरच्या आमच्या एवढ्याशा मंडळीत कोणालाच कसलं ओझं उरलेलं नाही! माझ्या प्रार्थनांचं फळ. नम्र राहायचं.

११ फेब्रुवारी
सुवर्णा पास्टरच्या बायकोबरोबर आदिलाबादला गेली. ब्लाउजपीस आणायचं म्हणे. संध्याकाळी रिकाम्या हाताने आली. रंग मिळाला नाही म्हणे. मी झेरॉक्सचं दुकान सोडून चौकशा करत बसणारा नवरा नव्हे. विश्वास म्हणजे विश्वास.

१६ फेब्रुवारी, रविवार
मी हॉलमध्ये शिरलो की बाया गप्प होतात. आदर. आज पास्टरने मोघमच प्रार्थना केली: प्रभू, तुला ठाऊक असलेल्या कारणासाठी. सगळे मोठ्याने आमेन म्हणाले. दोघी-तिघींनी पदराने डोळे पुसले. खुशालने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

दुकानात परत आल्यावर उलगडलं. मंडळीचा नवा वडील, म्हणजे पुढारी, निवडायचा आहे ना! मलाच करणार, आणि मला कळू न देता. सुवर्णाही सामील.

संकल्प: काही कळलंय असं दाखवायचं नाही.

२० फेब्रुवारी
सुवर्णा पुन्हा आदिलाबादला. मुक्काम नाही, पण आली तेव्हा चेहरा उतरलेला. भाकरी थापता थापता थांबते आणि काखेजवळ हात धरून उभी राहते. मी म्हटलं, बाम लाव. फोन वाजला की दचकते. सत्काराची एवढी तयारी एकटीने करायची म्हणजे ताण येणारच. दोनदा विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. तिचा बेत कशाला मोडायचा?

२४ फेब्रुवारी
आज तिच्या हातून चहा सांडला. क्षणभर मला भीती वाटली, कशाची ते कळलं नाही. मग ती समोर बसली आणि म्हणाली, तुमी एखादी गोष्ट पोटात ठेऊ शकता का? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? पुरावा म्हणून खुशालच्या दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी आजवर कोणालाही सांगितलेल्या नाहीत.

ठीक हाये म्हणाली आणि उठून गेली. पटलं असावं.

२ मार्च, रविवार, सकाळ
कोट इस्त्री केला. उपासनेनंतर सगळी मंडळी आमच्याकडे जेवायला येणार, हे मला आज कळतंय! भाषण तयार आहे. सुरुवात ‘मी यास पात्र नाही’ अशी.

दुपार
पास्टर म्हणाले, आज एका जीवासाठी आपल्याला उपकारस्तुती करायची हाये. मी उभा राहिलो. पास्टर म्हणाले, सुवर्णाकाकू, या.

सुवर्णा पुढे जाऊन म्हणाली, माह्या छातीत गाठ निंघाली होती. सुई टाकून तपासली. शुक्रवारी रिपोर्ट आला, कॅन्सर नाई. तुमी सगळ्यांनी महिनाभर प्रार्थना केली.

सगळ्यांनी. सगळी मंडळी रडत होती, टाळ्या वाजवत होती. मी उभाच होतो. पास्टर हळूच म्हणाले, काका, बसा.

संध्याकाळ
सगळे जेवून गेले. मी जेवलो नाही. सुवर्णाला विचारलं, मले काऊन नाही सांगतलं? ती रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, तुमाले एक गोष्ट सांगतली का तिची झेरॉक्स गावभर. मले गाठीचा डर होता, अन् त्याच्याहून जास्त तुमच्या प्रार्थनेचा. दवाखान्यात रांगेत तिच्यासाठी तेजस्विनी उभी राहायची, हेही आत्ता कळलं. तेजस्विनीने. जिचे पाहुणे माझ्या प्रार्थनेनंतर न जेवता गेले, त्याच पोरीने.

मला फार वाईट वाटलं. पण मला कोणी सांगितलंच नाही, हेही खरं आहे.

मग भीत भीत विचारलं, सुई टाकली तवा फार दुखलं का?

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, हे तुमी मले विचारून राह्यले, का बुधवारच्या प्रार्थनेसाठी?

मी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. तेवढ्यात ती भांडी घासायला निघून गेली.