न फिरणारे दोन पंखे

थंडर बे, २ जून

लागोपाठ दोन वर्षांचे विजेते, माझ्या बायकोचे थोरले बंधू श्री. वेन्डेल यांना रेयोचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? विनिपेगला यंदा डास लवकर आले असं मार्लिस सांगत होती. ते तुमच्यापर्यंत पोचले असतील तर माझाही निरोप त्यांनी दिला असेलच. इकडे मार्लिस मजेत, मी मजेत, फक्त माझा कॉम्प्युटर मजेत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या तळ्याकाठच्या कॅम्पघराबद्दल कोणाचं काही म्हणणं असेल तर ते कागदावर लिहायचं आणि तो कागद सौनाच्या दारामागच्या वहीत चिकटवायचा, हा नियम तुमच्याच वडिलांचा. (मार्लिसने गळ चोरल्याची तुम्ही नवव्या वर्षी दिलेली तक्रार अजून तिथे आहे. वाफेत बसलेले पाहुणे घाम पुसत ती मोठ्याने वाचतात.) माझी मात्र तक्रार नाही हं, नुसतं कुतूहल. ऑगस्टच्या जोडसुट्टीत तळ्यावर कोणी राहायचं हे आपण पूर्वी नाणं उडवून ठरवत होतो. मग तुम्ही तो मोटारींच्या शर्यतीचा खेळ आणलात. मेचा शेवटचा रविवार, तुम्ही तिकडे, मी इकडे, दहा फेऱ्या, जिंकेल त्याची सुट्टी. मान्य मीच केलं, वहीत सही माझीच आहे. पण आमची लेक आनिका हॅलिफॅक्सहून पोरींना घेऊन त्याच आठवड्यात येऊ शकते, आणि गेल्या वर्षी त्या पोरी आमच्या मागच्या अंगणात प्लास्टिकच्या टबात पोहल्या. धाकटीने मला विचारलं, आजोबा, तळं कधी दुरुस्त होणार? माझा जन्म लोकांची घरं तापवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्यात गेला, तेव्हा तिची समजूत अशी की तळं बिघडलंय आणि मी ते मनावर घेत नाहीये. परवाच्या रविवारी मी पुन्हा हरलो. आता यंदाही टबच.

तर कुतूहल असं, की या यंत्रातलं आधी काय बदलावं? दीड वर्षापूर्वी ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, तुम्ही स्वतः येऊन ते जोडून दिलंत. मी मदतीला वाकलो तर म्हणालात, “रेयो, तू टर्की काप. वायरींना हात लावू नकोस.” त्याच आठवड्यात मी तुम्हाला एकदा हरवलं होतं, आठवतं? नवशिक्याचं नशीब, असं तुम्ही म्हणालात. ते नशीब त्यानंतर काही फिरकलं नाही. त्या हिवाळ्यापासून माझं चित्र अडखळतं. वळण येतं, चित्र थबकतं, आणि पुन्हा हलतं तेव्हा मी झाडात असतो. (धूळ बसली असेल, असं कृपया सुचवू नका. त्या नोव्हेंबरात बर्फावर घसरून मार्लिसचं मनगट मोडलं तेव्हा सहा आठवडे घर मीच झाडत होतो, आणि कॉम्प्युटरमागची एकेक वायर काढून पुसून जिथली तिथे लावली होती. इतकी सेवा माझ्या बापाचीही मी केली नाही.)

या गावात कोणालाही विचारा, ज्याचा जो भाग जळालेला असतो तोच तो आधी बदलायला सांगतो. दुकानदार केरिगन म्हणाला, रॅम वाढवा. वाढवली. पूर्वी मी झाडावर आदळायचो ते तुकड्यातुकड्यांत दिसायचं, आता जरा सलग दिसू लागलं. मग तो म्हणाला, हार्ड डिस्क जुनी झाली, एसएसडी घाला. घातली. खेळ डोळ्याचं पातं लवतं तोवर उघडू लागला, म्हणजे हरायला मी अर्धा मिनिट आधी सुरुवात करू लागलो. आता राहिले तीन भाग. प्रोसेसर, म्हणजे डोकं. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र काढणारा हात. आणि सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. केरिगन म्हणतो, तिन्ही बदला. मी उसनी गाडी घेऊन धंदा सुरू केला तेव्हा पहिल्या वर्षी मीही गिऱ्हाइकांना असंच सांगत होतो, त्यामुळे मला तो सूर लगेच ओळखू येतो.

शेवटी बेव्ह ट्रोहिमचुकला विचारलं. कागद गिरणीतून निवृत्त झालेली, एकाहत्तर वर्षांची, माझी जुनी गिऱ्हाईक. तिच्या तळघरात भट्टीशेजारी असा कॉम्प्युटर आहे की रंगीत दिव्यांमुळे भट्टीच जुनी मोलकरीण वाटते. रोज दुपारी ती तिथे बसून जगभरच्या अनोळखी माणसांना गोळ्या घालते. माझी कहाणी ऐकून म्हणाली, “कोणाचं घर गार पडलं तर तू आधी काय करतोस रे? भट्टी बदलतोस?”

मी म्हटलं, “छे, आधी ऐकतो.”

“मग ऐक की, मेल्या! लोकांच्या घरी कुत्र्यासारखे कान टवकारतोस आणि स्वतःच्या घरी त्या केरिगनचं ऐकतोस!”

झोंबलं, पण खरं होतं. घरी येऊन पेटीचं झाकण काढलं, शर्यत सुरू केली, आणि रबरी नळीचं एक टोक कानात घालून दुसरं एकेका भागाजवळ नेलं. प्रोसेसरवरचा पंखा असा ओरडत होता, जसा एकटा माणूस पियानो जिन्यावरून चढवतोय. विजेचा डबा शांतपणे गुणगुणत होता. आणि ग्राफिक्स कार्डाचे दोन्ही पंखे गप्प. चक्क थांबलेले. तीन शर्यती ऐकल्या, तिन्ही वेळा तेच. भट्टीवाल्याला विचाराल तर न फिरणाऱ्या पंख्याचे दोनच अर्थ. एक तर भाग इतका दणकट की घामच येत नाही, नाही तर त्याला कोणी कामच सांगितलेलं नाही. तुम्ही या विषयातले जाणकार. यातलं कोणतं, आणि मग आधी काय बदलू, हे सवडीने कळवावं.

शर्यतीत कायम आपल्या मागे असणारा,
रेयो

ता. क. वेन्डेल, ‘तुम्ही’ आता पुरे झालं. पत्र पाकिटात घालायच्या आत बेव्ह उकडलेल्या करंज्यांसारख्या तिच्या पिरोगी घेऊन आली. तिने पेटीत पाहिलंच नाही, सरळ टेबलामागे गेली आणि इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डाच्या भोकात नव्हतीच! वरच्या, मदरबोर्डाच्या भोकात होती. म्हणजे दीड वर्ष कार्ड पाहुण्यासारखं बसून होतं आणि बिचारा प्रोसेसर एकटाच चित्रंही काढत होता. वायर हलवली. दोन्ही पंखे पहिल्या थंडीत भट्टी पेटावी तसे घुमले. मला रस्त्याकडेचं गवत दिसलं, वेन्डेल! एकेक पातं! तेव्हा बदलायचं काहीच नव्हतं. आता सांग, टर्की कापायला मला कोणी पाठवलं? टेबलामागे कोण होतं? दोन्ही वर्षांचे निकाल रद्द धर आणि येत्या रविवारी पुन्हा दहा फेऱ्या होऊ दे. ही रीतसर तक्रार समज आणि वहीत चिकटव.

ता. क. २. मार्लिसने पत्र वाचलं. ती एवढंच म्हणाली, “प्लास्टर माझ्या हाताला होतं, वेन्डेलच्या नाही. एकेक वायर काढून पुसली कोणी?”

आदरणीय वेन्डेल, तुम्ही थँक्सगिव्हिंगला वायर बरोबरच लावली होतीत. तुम्हाला हरवलं ते नशिबाने नव्हे, कार्डाने. मी तुमच्यावर आळ घेतला, माफ करा. पुन्हा शर्यत मागण्याचा मला काही हक्क नाही, हे वहीतल्या नियमानुसार मान्य. तरी येत्या रविवारी दहा फेऱ्या खेळाल का? आनिकाची तिकिटं अजून काढलेली नाहीत.

आणि खेळायचं ठरलं तर वहीत फक्त पहिलं पान चिकटवा. हे ताज्या कलमांचं दुसरं सौनाच्या शेगडीपाशी ठेवून द्या, कागद चांगला कोरडा आहे. ऑगस्टात येऊन मीच पेटवीन म्हणतो.