फुगडीतली अर्धी ओळ

कन्नमवार नगर, विक्रोळी
२ ऑक्टोबर १९८५

प्रिय शकुस,
मालनचा नमस्कार आणि लांबूनच गळाभेट.

सहदेव भावजींचा खोकला कसा आहे? गिरणीतला कापूस छातीतून गेला की अजून आहे? सासूबाईंचे गुडघे? त्यांना म्हणावं, रोज एरंडेल चोळा. प्रेमा बाळंतपणाला आली ना? म्हणजे हे पत्र तीच वाचून दाखवत असेल. प्रेमा, माझ्या अक्षराला हसलीस तर बघ! आणि शकु, तू? तुला शेवटी विचारते, कारण तू आपली "बरी आहे" म्हणून मोकळी होणार.

इकडे नंदूला कारखान्यात कायम केलं. तुमच्या खोलीपुढची लादी मी आमच्याबरोबरच झाडते. कुलपाला गंज धरत होता, तेल सोडलं.

गवरी छान झाल्या. खरं सांगू? संपानंतर तुम्ही गावी गेलात, तेव्हापासून मी गवरीपुढे तोंडच उघडलं नव्हतं. तू गाण्याची ओळ टाकायचीस, मी पुढची उचलायची, अशी आपली सवय. एकटीनं टाकायला गेले की ओठावर यायच्या आधीच मी तिला झोडपते. ही लंगडी, ही जड, हिला चालच नाही. त्यात लेकाच्या, नंदूच्या शाळेच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले ना, तेव्हापासून छापलेल्या कविता डोळ्यांपुढे उभ्या राहतात आणि आपलं गाणं म्हणजे शिळा तुकडा वाटतो. भांडी घासताना सुचलेलं सगळं राखेबरोबर मोरीत जायचं.

यंदाही दुपारी बायका जमल्या, तर मी कोपऱ्यात वाती वळत बसले. खालच्या मजल्यावर नवी बिऱ्हाडकरू आली आहे, नलिनी. भारी तोंडाळ. म्हणाली, "काकू, दिवाळीपर्यंतच्या वाती आजच वळताय का? उठा!" आणि हात धरून मला फुगडीतच ओढलं.

शकु, फुगडीत गरगर फिरताना चुका शोधायला दम कुठला उरतो गं? पदर सुटला, भिंती फिरल्या आणि तोंडातून निघूनच गेलं,

"विक्रोळीच्या खाडीला भरती आली गं,
गवर माझी होडीनं घरी आली गं!"

सगळ्या खो खो हसल्या. "होडीनं? मग नैवेद्याला खाडीतल्या कुर्ल्या तिनंच आणल्या असतील!" नलिनी म्हणाली. मला वाटलं, झालं, वाट लागली. पण हसता हसता सगळ्यांनी तीच ओळ टाळ्यांवर घेतली. लंगडी ओळ नाचायला लागली बघ! मग काय, एकामागून एक टाकत सुटले. किती चुकल्या देव जाणे, मी मोजल्या नाहीत.

शेवटी एक आली,

"शेजारणीच्या दारी गवर थांबली गं..."

आणि मी गप्प झाले. नलिनी उचलणार होती, मी तिचा हात दाबला. मला पुढचं सुचलं नव्हतं असं नाही. या वेळी चुकेल म्हणूनही थांबले नाही. ती जागा तुझी, एवढंच.

आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. कामं असतील, मी रागावले नाही. पण पुढची ओळ प्रेमाकडून लिहवून धाड. कशीही चालेल, लंगडी असली तरी. लवकर धाड गं. गवर अजून तुझ्या दारात उभी आहे.

कुलपाला तेल घालणारी तुझी,
मालन