सेट आणि टाळीच्या मध्ये

३ फेब्रुवारी
टिटवी आज पुन्हा बाद. बंदूक वाजायच्या आधीच पळाली. बाकीच्या पोरी वाकलेल्या, आणि माझी नात एकटीच सुसाट. थांबवायला एक माणूस मागे धावला, त्याला सापडेना.
सर म्हणाले, "आजी, हिला घाई फार." म्हटलं, घाई नसती तर तुमच्याकडे कशाला पाठवली असती?

४ फेब्रुवारी
पुढच्या महिन्यात निवडीची शर्यत. जिंकली तर क्रीडा वसतिगृह – राहणं, खाणं, शाळा सगळं तिकडेच. पुन्हा आधी पळाली तर सर तिला काढूनच टाकणार. सून इस्त्रीच्या दुकानातून आली ती तोंड पाडून. टिटवी जेवली नाही. ताट झाकून ठेवलं. नंतर रिकामं सापडलं. म्हणजे ठीक आहे.

८ फेब्रुवारी
घरचा सराव रोजच्यासारखा. मी बोळाच्या टोकाला स्टुलावर. मी "सेट" म्हणते, ती ढुंगण वर करते, मी टाळी वाजवते, ती जिन्यापर्यंत पळते.
शेजारीण म्हणाली, "या वयात काय हे आजी!" म्हटलं, पळतेय ती. मी बसलेय.

११ फेब्रुवारी
टिटवीला विचारलं – अगं, बंदुकीआधी तुला पळायला सांगतं कोण? म्हणाली, "खट् ऐकू येतं गं. मग पाय थांबत नाहीत." सर म्हणतात, तो बंदुकीचा घोडा ओढल्याचा आवाज. दुसऱ्या पोरींना तो ऐकूही येत नाही.
हिला येतो. आईची हाक तेवढी येत नाही.

१२ फेब्रुवारी
सापडलं. माझी कवळी.
सैल झालीय मेली. "सेट" म्हटलं की जिभेने वर दाबून बसवते – खट्. मग टाळी. आज हात मुद्दाम हवेतच ठेवले. टाळी नाहीच, आणि पोरगी जिन्यापाशी. इतके दिवस माझ्या दातांवर पळतेय.
कोणाला बोलले नाही.

१३ फेब्रुवारी
कवळी काढली नाही. वसतिगृह लांब आहे. फक्त सुट्टीत सोडतात म्हणे.

१४ फेब्रुवारी
काढली नाही.

१५ फेब्रुवारी
टिटवीने जुने बूट धुऊन खिडकीत वाळत ठेवलेत. निवडीसाठी. नाड्यासुद्धा वेगळ्या धुतल्यात.
कवळी काढून वाटीत ठेवली.
"आजी, दात कुठे?"
"तुझ्यापायी काढले. वाक आता."
टाळी वाजली तरी बाईसाहेब वाकलेल्याच. खट्-ची वाट बघत होत्या.

२४ फेब्रुवारी
आता "सेट" आणि टाळीच्या मध्येच मी चमच्याने स्टूल वाजवते. हलली की पुन्हा. खूप शिव्या घातल्या. दात नसले की त्या नीट लागत नाहीत, ती हसते. पण आज एकदाही हलली नाही.

९ मार्च
निवड झाली. खट् झालं असेल, टिटवी दगड. शेजारची पोरगी हलली, ती बाद. मग बंदूक वाजली, आणि टिटवी पहिली.
सर म्हणाले, "आजी, केलंत काय?"
म्हटलं, दात काढले.

२ एप्रिल
सोडून आलो. निघताना रडली नाही. मीही नाही. सून दोघींच्या वाटचं रडली.

३ एप्रिल
संध्याकाळी कवळी घालून बोळात बसले. सवयीने "सेट" म्हटलं. खट् वाजलं.
कोणी पळालं नाही.