ट्रॉलीले भिंत दिसली नाही

केशवराव,

जैनथहून यशवंताचा रामराम घ्या. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? इकडं कापसाची पराटी बरी हाये. तुमची बहीण विमलबी खुशाल हाये, फक्त माझ्याशी बोलत नाही.

त्याचं कारण लिहितो. आमची मीनल नोकरीसाठी हैदराबादले गेल्यापासून दर रविवारी फोनवर आमाले एक खेळ खेळवते. ती गोष्ट सांगते, आमी त्या गोष्टीतले दोघं जण होतो, अन् अडलं की फासा टाकतो. मी मायावी जादूगार (नसलेलं दाखवणारा), विमल तलवारवाली. मागच्या महिन्यात राक्षस पाठी लागले. मी मंत्रानं मधात भिंत उभी केली, ते जागीच थांबले. विमल भिंतीआड निवांत भाकर खाऊन राह्यली होती. पण राक्षसांच्या हातून सुटलेली दगडाची गाडी उतारानं आली, भिंतीतून आरपार गेली, अन् विमल ठार.

मीनल म्हणे, बाबा, माया मनावर चालते. गाडीले मन नाही, तिले भिंत दिसतच नाही. आता तुमीच सांगा! दसऱ्याले आपण ट्रॅक्टरले हार घालतो, कुंकू लावतो, पुढं नारळ फोडतो, ते का भंगारासाठी? आमचा ट्रॅक्टर तर थंडीत विमलनं "चाल रे बाप्पा" म्हणल्याबिगर सुरूच होत नाही (तिलेच विचारा, मले सांगणार नाही). हे ऐकून पोरगी हासली. मले राग आला. म्हणलं, तुहा खेळ तुह्याजवळच ठेव. तिनं ठेवला.

मग खरं-खोटं करावंच लागलं. चादरीवर गेरूनं विटा काढल्या, गोठ्यापुढच्या उतारावर चादर बांधली, अन् कुंकू लावून रिकामी ट्रॉली सोडली. आमची म्हैस पुढं चालली होती, ती चादरीपाशी थांबून बाजूले झाली. (म्हशीले मन हाये, म्हणजे हे नियमाले धरूनच झालं.) ट्रॉली चादर घेऊन न्हाणीघरात गेली. विमल नुकतीच बाहेर आली होती. महिन्याभरात दोनदा गाडी घातली माझ्यावर, एवढं म्हणली, अन् तेच शेवटचं बोलली.

वहिनीले नमस्कार सांगा, नातवाचे गाल माझ्या वतीनं ओढा.

तुमचा,
यशवंत

ता.क. न्हाणीघराच्या पत्र्यासाठी पत्र लिहून राह्यलो, असं मी घरात सांगितलं हाये. पत्रा इथंबी भेटते.

ता.क. दुसरा. तीन रविवार झाले, मीनलचा फोन नाही. मी कोण्या तोंडानं लावू? तुमी मामा, तुमी लावा. सांगा, गाडीले मन नसते हे तुह्या बापानं मानलं. बापाले हाये, अन् रविवारी चार वाजल्यापासून तो फोनापाशी बसून राह्यते, हेबी सांगा. मी म्हणलो असं मात्र सांगू नका.