हरताळाच्या दिवशीच्या लॉऱ्या

अण्णा, काल मी निवृत्त झाले. गोळ्या, चॉकलेटं, बिस्किटं दुकानादुकानांत पोचवायची, एवढंच आयुष्यभर केलं. शेवटची बरीच वर्षं माल धाडण्याच्या खात्याची मुख्य म्हणून. निरोपाच्या कार्यक्रमात एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही या धंद्यात आलात कशा?" मी काहीतरी गुळमुळीत सांगितलं. घरी आल्यापासून एका जागी बसवत नाही. खरं उत्तर फक्त तुम्हाला ठाऊक, आणि तुम्हाला जाऊन किती काळ लोटला!

लालबागच्या गोदामात मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा परळच्या आमच्या खोलीत बुद्धाची तसबीर नुकतीच लागली होती. तुम्ही मॅनेजर, मालवणकडचे, आवाज खणखणीत. थोड्याच दिवसांत तुम्ही मला टाइपरायटरवरून उठवलंत. "नुसती पेपरमिंट टाइप करतेस, बघितलीस तरी काय कधी?" आत उकाडा, लिंबाच्या अर्काचा वास, छताला टेकलेले पत्र्याचे डबे. तुम्ही एक डबा माझ्या कानाशी हलवता. गोळ्या खुळखुळल्या तर माल चांगला. धप्प आवाज आला तर आतल्या आत चिकटलेला. "गोड माल गो, थांबलो की बिघाडलो." मग कुठली लॉरी कुठे पाठवायची हे हळूहळू माझ्यावर सोपवलंत. हमाल हसले, "आता बाई सांगणार?" तुम्ही म्हणालात, "होय, बाईच सांगणार. उचला."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. तुम्ही सभांना जायचात आणि सकाळी बसलेल्या घशाने कामावर यायचात. एकदा हरताळ जाहीर झाला आणि आदल्या दिवशी शेठ स्वतः गोदामात उतरले.

"उद्या लॉऱ्या निघाल्याच पाहिजेत. मी पोलीस बंदोबस्त मागितलाय."

शेठ वाईट नव्हते. दमट हवेत माल चिकटायला लागला होता, आणि ते घाबरले होते.

"ड्रायव्हर, हमाल इथलेच आहेत, शेठ," तुम्ही म्हणालात. "आपल्याच माणसांच्या गर्दीत ते गाडी घालणार नाहीत. मी सांगणारही नाही."

"मग दुसरं कोणी सांगेल."

तुम्ही खिशातून गोदामाची चावी काढून टेबलावर ठेवता. शेठ माझ्याकडे वळतात. "तुला सगळं येतं. बघशील?" मी तुमच्याकडे बघते. तुम्ही म्हणालात, "घे गो चावी."

मी घेतली. आणि कुठून बळ आलं कुणास ठाऊक, बोलून गेले, "उद्या काही निघणार नाही, शेठ. परवा सकाळी मी स्वतः उभी राहून सगळा माल काढते." त्यांच्याकडे तिसरा माणूस नव्हता. "परवा," एवढंच म्हणून ते जिना चढले. तोवर तुम्ही चपला घालून बाहेर पडला होतात. माझं बोलणं तुमच्या कानावर गेलं की नाही, अजून कळलेलं नाही.

हरताळाच्या दिवशी नाक्यावर लाठ्या चालल्या. आमच्या लॉऱ्या आत उभ्या होत्या आणि आमचे ड्रायव्हर बाहेर, घोषणा देत. दुसऱ्या दिवशी माल काढून मी तशीच गिरगावात तुमच्या बिऱ्हाडी आले. वहिनी भाकऱ्या थापत होत्या. तुम्ही पाटावर बसून सुकटीतला कचरा निवडत होतात.

"अण्णा, परत चला. मी शेठना सांगते."

"गोदाम कोणावर टाकून आलीस?"

"कुलूप लावलंय."

"भर दिवसा कुलूप?" तुम्ही कडाडलात. "माझी समजूत काढायला वेळ आहे तुला? पळ आधी!" वहिनींनी घाईघाईने कागदात भाकरी बांधून दिली. ती मी ट्राममध्ये रडत रडत खाल्ली.

पुढे तुम्ही कुणाच्या तरी वखारीत लागलात असं ऐकलं. राज्य झालं त्या दिवशी मी लिंबाच्या गोळ्यांचा डबा घेऊन आले. तुम्ही झाकण उघडलंत आणि उभ्याउभ्या अख्ख्या चाळीला गोळ्या वाटल्यात. खूप हसलात. माझ्या कामाबद्दल अवाक्षरही काढलं नाहीत. वर्षभरात तुम्ही गेलात.

मला वाटतं, ती चावी तुम्ही विश्वासाने दिलीत. मग वाटतं, नाही, रागाने दिलीत. ही पोरगी "नको" म्हणेल अशी तुमची अपेक्षा होती. पुढे माझ्यावरही तशा वेळा आल्या. वरून हुकूम यायचा, खाली माणसं उभी असायची. मी दर वेळी आतच राहून एक दिवस मागून घेतला, दोन दिवस मागून घेतले. बऱ्याचदा मिळाले. काही वेळा नाही मिळाले, तरी मी राहिलेच. तुम्ही याला काय म्हणाला असतात? लोक मला खंबीर म्हणतात. तुम्ही म्हणाला असतात का, ते मला हवंय, आणि या वयात असलं काही हवं असण्याची लाजही वाटते.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून ठेवते. एक मात्र सांगते, घरात बोलले नाही. उद्या सकाळी बँकेत जाते म्हणून मी निघणार आहे, आणि जाणार आहे लालबागच्या गोदामावर. कुणी बोलावलेलं नाही.