हात सुटायला लागणारा वेळ

आई, तुझ्या हाताला काय होत होतं ते मला आता कळलंय. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तेव्हापासून मी घरात नुसती इकडून तिकडे करतेय. कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायच्या विसरते, फोन हातात घेते आणि कुणाला करायचा होता ते आठवत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायलाही जरा थांबावं लागतं. पण हे सांगायचं म्हटलं तर दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही.

कॅम्प पाच वस्तीतली आपली खोली, मोरीला लागून तुझा ओटा. सकाळी तू पोळ्यांना उभी राहतेस. पहिली पोळी तव्यावर टाकून लाटणं खाली ठेवायला जातेस आणि तुझी बोटं लाटण्याभोवतीच राहतात. दुसऱ्या हातानं एकेक बोट उलगडून तू ते सोडवतेस. तीन-चार पोळ्या झाल्या की हात मोकळा होतो, मग तुझा वेग बघत राहावा असा. जमिनीवरून उठलीस की पहिली पावलं कुणीतरी ढकलत असल्यासारखी. शिंक आली की मिटलेले डोळे चटकन उघडायचे नाहीत. पोटऱ्या मात्र अशा भरलेल्या की शेजारणी विचारायच्या, "तालमीत जाता का हो तुम्ही?" तू हसून म्हणायचीस, "अंगात वात आहे." मला वाटायचं, वात म्हणजे सगळ्यांच्याच आयांना असतं असं काहीतरी.

शाळेला सुट्टी असली की तू मला कॅम्प तीनच्या जीन्सच्या कारखान्यात घेऊन जायचीस. मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसून तुला बघायचे. सकाळी कात्री तुझ्या हातातून सुटायची नाही आणि पहिले काही नग रखडायचे. सेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "बाई, तेरी गाडी चोक पे स्टार्ट होती है क्या?" सगळ्या बायका हसायच्या, तूही हसायचीस. दुपारी तेच सेठ दुसऱ्यांना तुझं मशीन दाखवायचे. "अब देखो. अब इसको कोई नहीं पकडेगा." एकदा परतताना, शेअर रिक्षात, तू मला हळूच म्हणालीस, "हसतात ते हसू देत. पण कुणी कारण विचारलं तर सांगायचं नाही. मला कामावरून काढतील, आणि उद्या तुझ्या लग्नात आडवं येईल." मी विचारलं, "माझ्या का?" तू रिक्षाबाहेर बघत राहिलीस.

तुझा मार मला आठवत नाही, पण एक दिवस आठवतो. मी शाळा बुडवून मैत्रिणीकडे गेले होते आणि तू भर रस्त्यात माझा दंड पकडलास. खूप बोललीस. बोलून झालं, राग उतरला, पण हात सुटेना. लोक बघत होते. तू दुसरीकडे तोंड करून उभी, मी खाली मान घालून, आणि आपण दोघी तुझी बोटं सैल व्हायची वाट बघतोय. मग तू काही झालंच नाही अशी माझी वेणी सारखी केलीस आणि आपण घरी आलो. नंतर कधीतरी, माझी वार्षिक परीक्षा जवळ आली असताना, तू माझ्या पेनाला जीन्सची जाड पट्टी गुंडाळून शिवून दिलीस. "अक्षर चांगलं येईल," म्हणालीस. पेन जाड झाल्यावर मला ते घट्ट आवळावं लागेना, आणि सकाळच्या पेपरला बोटं अडकायची ती अडकेनात. मला किती आनंद झाला होता. तुला माझ्या बोटांचं कसं कळलं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

आता तुझ्या नातीबद्दल. तू गेलीस त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती झाली. आम्ही बदलापूरला राहतो, ती ऐरोलीला नोकरीला जाते. या पावसाळ्याआधी रस्ता ओलांडताना मागून रिक्षाचा हॉर्न वाजला. ती दचकली, जागच्या जागी ताठली आणि फळी पडावी तशी पडली. हनुवटीला टाके पडले. सगळे म्हणाले चक्कर आली असेल. ती म्हणाली, "चक्कर नाही. मला सगळं दिसत होतं, फक्त हातपाय माझे नव्हते." टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथली डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा थोडीशीच मोठी असेल. तिनं मुलीच्या अंगठ्याखाली छोट्या हातोडीनं हलकेच मारलं. अंगठा तळव्याकडे वळला आणि तसाच राहिला. मग दंडात बारीक सुई घालून तिची वायर एका यंत्राला जोडली. यंत्रातून आवाज यायला लागला, चढणारा, उतरणारा, परत चढणारा. शिलाई मशीनच्या पायडलवरून पाय काढला की मोटर जशी रेंगाळत थांबते, तसा. मला बसवेना.

"काकू, घाबरू नका," ती म्हणाली आणि कागद पुढे ओढला. स्नायूच्या पेशीला एक पातळ आवरण असतं, त्यात अतिशय बारीक दारं असतात. त्यांतून मिठातले विजेचा भार असलेले कण आत-बाहेर करतात. सोडियमची दारं उघडली की स्नायूला आवळायचा इशारा मिळतो. मग त्याला शांत करायचं मोठं काम क्लोराईडच्या दारांचं. "हिची ती दारं पुरेशी उघडत नाहीत. त्यामुळे ही सोड म्हणते, तरी स्नायू आपला आपण आवळतच राहतो. पुन्हा पुन्हा हालचाल केली की सुटतो. का सुटतो, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही." अशी दारं शरीरभर असतात म्हणे, हृदयातली बिघडली तर ठोके चुकतात, मेंदूतली बिघडली तर फिट येऊ शकते. हिच्या दारांनी जिवाला धोका नाही. गोळी आहे, ती हृदयाची तपासणी करून द्यायची. "मात्र कधी ऑपरेशन, बाळंतपण असलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगायचंच. काही औषधांनी जबडा आणि छाती ताठू शकते. हे रक्तातून येतं. घरात कुणाला होतं?"

"माझ्या आईला वात होता," मी म्हणाले. डॉक्टरनं माझा हात मागितला आणि हातोडी मारली. माझाही अंगठा वळला, मुलीपेक्षा कमी, पण वळला. मुलगी बघत होती.

"तुलापण आहे?"

"थोडं. सकाळी-सकाळी."

"शिट्टी झाल्यावर माझे पाय उशिरा उचलायचे म्हणून मी पीटीच्या तासाला शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारल्यात, आई. मला सांगायचंस तरी."

परतीच्या वाटेवर तिनं कानात इअरफोन घातले. मी खिडकीबाहेर बघत राहिले, आणि आपण कुणासारखं बघतोय हे लक्षात आल्यावर मान वळवली.

तिनं स्वतःच मुलगा बघितलाय, अंबरनाथ पूर्वेचा. त्याला तिनं सगळं सांगितलं होतं. पण त्याचे आईवडील बोलणी करायला आले तेव्हा, पाण्याचे पेले अजून हातात असताना, तिनं त्यांनाही सांगून टाकलं. दारं, कण, गोळी, सगळं. मी तिला स्वयंपाकघरातून खुणा करत होते. त्याच्या वडिलांनी विचारलं, "मुलांना होऊ शकतं?" ती म्हणाली, "हो. निम्मी शक्यता आहे." ते कळवतो म्हणून गेले. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. हे म्हणाले, "तिनं योग्य केलं." मी त्यांच्यावरच चिडले.

मग एका दुपारी मुलाची आई एकटीच आली. चहा घेतला, साखर कमी म्हणाली, आणि विचारायला लागली. जिने चढता येतात का, पुढे वाढतं का. मी डॉक्टरचं सगळं सांगितलं, पोटुशी असताना ताठरपणा वाढू शकतो हेसुद्धा. ती माझ्याकडे बघत होती.

"तुमच्या आईंना होतं आणि मुलीला आहे, म्हणजे तुम्हालाही असणार ना, ताई? तुमच्याकडे बघून तर काही वाटत नाही. मला दाखवाल?"

कुणीही मला असं विचारलं नव्हतं. मी मूठ गच्च आवळली आणि सोडली. बोटं एकेक करून उघडली. ती शेवटपर्यंत थांबली.

"दुखतं?"

"नाही."

"मग एवढं लपवण्यासारखं काय होतं त्यात?"

मी तिचा रिकामा कप उचलून आत नेला. रात्री तिचा फोन आला, तारीख काढू या म्हणाली. मुलगी खूश आहे, गोळीनं पावलंही मोकळी पडतायत. लग्न मार्गशीर्षात आहे.

आणि माझा पाय घरात ठरत नाही. मुलाच्या आईचा तो प्रश्न मी तुझ्याकडे घेऊन आलेय. तुझी कारणं मला पटतात, आई. काम गेलं असतं तर आपण खाल्लं काय असतं? हे काय आहे ते सांगणारं तुला कुणी भेटलंच नाही. पण तू मला पेनाला पट्टी शिवून दिलीस, म्हणजे तुला दिसलं होतं. तेव्हा मला जवळ बसवून "तुलाही माझ्यासारखंच आहे" एवढं तरी म्हणाली असतीस. मी मुलीला सांगितलंय की आजीची आठवण आली की मला फक्त माया वाटते. ते खरं नाही. मला तुझा राग येतो, आणि मुलीशी मी तेच केलं म्हणून जास्त येतो. हे तुझ्यापर्यंत पोचवायची सोय असती, तर या शेवटच्या ओळी मी खोडल्या असत्या.