हिमनदीची ओटी

१० मे, हिमनदीवरचा तंबू

पोचलो एकदाचे! साठी उलटल्यावर मी, बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातला निवृत्त गजानन मास्तर, हेलिकॉप्टरमधून उतरलो आणि पंख्याच्या वाऱ्यानं माझी टोपी उडाली. कमल खळखळून हसली. दोन वर्षांत आमची ही हसली नव्हती, त्यामुळे टोपीचं मला काही वाटलं नाही. निघताना सगळ्यांची वजनं केली, तेव्हा पिशवीतल्या जिलेब्या माझ्यात धरू नका, असं तिनं पायलटला बजावलं होतं. इतवाऱ्याच्या बाजारातून मावा जिलेबी बांधून आणलीय तिनं. इथं तिचा पार दगड झालाय.

बर्फ काही चित्रातल्यासारखा पांढराशुभ्र नाही. मळका, खडीवाळूनं भरलेला, उन्हाळ्यातल्या तापीच्या पात्रासारखा आहे.

सहल सहल असं बरोबर आलेली लेक सुलभा म्हणते, इंदूरहून सगळी तिकिटं तिनंच काढली. खरं कारण लिहून टाकतो. आमचा मुलगा सुरेश दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर इथंच चालायला आला आणि बर्फाच्या भेगेत गेला. सापडला नाही. कमलला ती जागा एकदा बघायची आहे.

११ मे

बुटांना खिळ्यांचे पट्टे, कमरेला दोर. एका दावणीला बांधलेल्या बैलांसारखे आम्ही तिघं वाटाड्यामागे चाललो. भेग आली. आत डोकावलं तर निळं, आणखी खाली काळं. मला रडू आवरेना. कमल मात्र शांत होती.

वाटाड्या सहज बोलून गेला की ही नदीच आहे, फक्त फार सावकाश वाहते. नदी म्हटल्यावर झालं! कमलनं पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू काढलं आणि तापीची भरते तशी त्या भेगेची ओटी भरली. वर लेकाच्या आवडीची जिलेबी ठेवली. मग उठून हात जोडले आणि म्हणाली, "येते वं माय."

आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. सुरेश लहानपणी एकदा 'जातो' म्हणाला, तेव्हा तिनं त्याला चापट मारली होती. स्टेशनवर शेवटचं तो 'येतो' म्हणूनच गाडीत चढला.

माताजी काय म्हणाल्या, असं वाटाड्यानं विचारलं. मी सांगितलं, "कह रही हैं, आती हूँ." सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा आला. खाली काहीतरी तडकल्याचा आवाज झाला. बर्फ असा वाजतोच, असं तो म्हणाला.

१७ मे, बऱ्हाणपूर

घरी आलो. सुलभा तशीच इंदूरला गेली. उन्हानं गाव भाजून निघालंय आणि कमल शाल पांघरून बसलीय. हात गारठलेले. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे.

आज दुपारी दार उघडलं तर उंबऱ्यावर नारळ. कुंकू लावलेला, वर बर्फाचा थर. शेजारच्या सोजरबाई म्हणाल्या की कुण्या पोराची टवाळी असेल. कमलनं तो ओळखला. नदीनं प्रसाद परत दिला म्हणाली आणि देवापुढे ठेवला. वरचा बर्फ अजून वितळला नाही.

१९ मे

वीज नाही, कूलर बंद. तरी घर थंडगार. माठातलं पाणी गोठलंय. उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत ओली पावलं. उरलेल्या जिलेबीची बशी रिकामी.

पावलं सुरेशचीच. डावा अंगठा बाहेर वळलेला, माझ्यासारखा.

कमल आनंदानं रडली. मलाही आनंद झाला. खरंच झाला. भीती नंतर वाटली.

२० मे

मला त्याचा आवाज ऐकू येत नाही, तिला येतो. तो एकच म्हणतो म्हणे— आई, तू येते म्हणाली होतीस.

मी कमलच्या हातापाया पडलो. त्याला सांग, ती आपली बोलायची रीत आहे. तसं कुणी खरंच येत नसतं—

कमल म्हणाली, तोही रीतीनंच 'येतो' म्हणाला होता. आला ना?

२१ मे

कमल गेली.

भर दुपारी. मनगट धरलं होतं मी. बोटं तिला चिकटली, कातडी सोलून निघाली, तरी धरून होतो. दारात थांबली. म्हटलं, काही बोलू नकोस. काहीच म्हणू नकोस, फक्त थांब—

"येते हो," म्हणाली. रोज भाजीला निघताना म्हणायची तशी.

खुर्चीवर शाल. ओली. सुलभाला फोन करून सगळं सांगितलं. ती कामानं दूरगावी गेलीय, उद्या संध्याकाळी पोचेल. तिनं मला शपथ घातली— बाबा, मी येईपर्यंत दार उघडायचं नाही. मला आता तुम्हीच आहात.

२२ मे

कडी वाजतेय. सुलभा संध्याकाळी पोचणार, आता तर ऊन डोक्यावर—

दाराखालून पांढरं आत सरकतंय. बाहेर दोघांची पावलं.

उघडणार नाही. शपथ आहे. लेकीला माझ्याशिवाय कुणी—

"अहो." तिचाच आवाज. आज मलाही ऐकू येतो. येते म्हणाली, आली. शब्दाची पक्की.

नाही उघडणार.

विचारतेय, जेवलात का. कालपासून कुणी विचारलं नाही—

कमल, थंडीत उभी राहू नकोस गं. एवढा चष्मा ठेवतो आणि येतो—